लाल गाडी, खाल्लेला बूट आणि माझं स्थळ

संगमनेरला आमच्या घरी एका इंग्रजी गाण्याचा अर्थ लावायला चार शहाणी माणसं लागोपाठच्या रविवारी बसत होती. गाणं चहाचा कप निवायच्या आत संपायचं, अर्थ मात्र जेवणाची पानं मांडली तरी संपत नसे. ते गाणं मला पाठवलेलं होतं, आणि माझं लग्न जमणार की मोडणार हे त्याच्या अर्थावर ठरायचं होतं. तेव्हा साहजिकच त्या बैठकीला मला कुणी बोलावलं नाही.

बाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी बी.ए. झाले होते, तेही इंग्रजी विषय घेऊन, आणि आता घरी बसले होते. घरी बसणं हे त्या काळी मुलींचं पूर्णवेळ काम होतं. त्या कामात अधूनमधून परीक्षा असायची. कुणीतरी बघायला यायचं, पोहे खायचं, मला एखादं गाणं म्हणायला लावायचं आणि "कळवतो" म्हणून निघून जायचं. काही जण कळवायचे, बरेचसे कळवायचेच नाहीत. आणि मुलीकडच्यांनी आपण होऊन विचारायला जायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता. विचारलं की पडती बाजू होते, असं बाबांचं मत. बाबा हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. त्यांचं संदर्भासहित स्पष्टीकरण सगळ्या तालुक्यात नावाजलेलं होतं. कोण, कोणाला, केव्हा म्हणाले एवढं हाताशी आलं की कुठलाही कवी तावडीतून सुटत नाही, असं ते वर्गात सांगत.

ह्या स्थळाचे मध्यस्थ होते तात्या. तात्या म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. पारनेरकडे त्यांची कोरडवाहू जमीन होती, आणि गावच्या देवळात दर एकादशीला ते निरूपण सांगत. अभंगाची एक ओळ घेऊन ती पार दिवेलागणीपर्यंत ताणण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. मुलगा पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. पत्रिका आधीच जुळली होती, गुरुजींनी तर खूश होऊन दुसऱ्यांदा चहा मागितला होता. मग मुलगा, त्याची आई आणि त्याचे एक काका असे तिघं आम्हाला बघायला आले. म्हणजे मला.

काकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. पुरणपोळी येते का? येते. विणकाम? येतं. गाणं? मी एक भावगीत म्हटलं, सगळ्यांनी "छान, छान" म्हटलं आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. मग तो मुलगा म्हणाला, "तुम्हाला ऐकायला काय आवडतं?"

हा प्रश्न अभ्यासक्रमातलाच नव्हता. गाता येतं का हे मला आजवर प्रत्येकाने विचारलं होतं, पण काय ऐकायला आवडतं हे कुणी नाही, घरच्यांनीसुद्धा नाही. मी तोंड उघडते न उघडते तोच बाबा म्हणाले, "रेडिओवरची भक्तिगीतं. सकाळी लावतो आम्ही." मुलाने मान डोलावली, पण बघत माझ्याकडेच राहिला. उत्तर अजून यायचंय, असा त्याचा चेहरा होता. मला तो तिथेच आवडला. पुढे आमच्या घरात इतकं बोलणं झालं, पण हे एवढं साधं वाक्य कुणाला उपयोगी पडलं नाही.

निघताना एक फजिती झाली. काकांची एक चप्पल सापडेना. शोधाशोध केल्यावर ती आळीतल्या कुत्र्यापाशी, गटाराच्या कडेला मिळाली. चपलेचा अंगठा त्याने चावून चोथा केला होता. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी स्वतःच्या कोऱ्या चपला काकांच्या पायात घातल्या आणि स्वतः अनवाणी एस.टी. स्टँडपर्यंत पोचवायला गेले. सगळी मोठी माणसं त्या कुत्र्यामागे धावत होती, तेव्हा तो मुलगा दाराशी थांबून मला म्हणाला, "माझ्याकडे एक रेकॉर्ड आहे. तात्यांबरोबर पाठवतो. ऐका, आणि कशी वाटली ते कळवा."

"कळवतो" हा शब्द मी पुष्कळदा ऐकला होता. "कळवा" असं मला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. मी मान हलवली. त्यावर तो हसला आणि गेला.

पुढच्या आठवड्यात तात्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली रेकॉर्ड घेऊन आले. सोबत होकार नव्हता, नकार नव्हता, नुसती ती छोटी काळी तबकडी. तिच्या पाकिटावर चार जटाधारी तरुण एका मोडक्या मोटारीच्या टपावर बसले होते आणि त्यातल्या एकाच्या अंगात सदरा नव्हता. आई म्हणाली, "ह्याला थंडी नाही का वाजत?" बाबांनी पाकीट उलटं केलं. मागे गाण्याचे शब्द छापलेले होते. शिकवणीच्या पोरांसाठी आमच्या बाहेरच्या खोलीत एक फळा होता. बाबांनी त्यावर ते शब्द सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले, खाली मराठी अर्थ लिहिला, आणि पाकिटाला शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कागदाचं कव्हर घालून टाकलं. वर लेबल चिकटवलं, 'इंग्रजी गीत'. सदरा नसलेला तरुण त्यानंतर कुणाला दिसला नाही.

फळ्यावर जे होतं ते असं. मी चाललो, दिवा मालवून टाक. पुलावर माझी लाल गाडी उभी आहे, तिच्यातलं तेल संपलंय. तुझ्या कुत्र्याने माझा बूट खाल्ला. ये, नाहीतर येऊ नकोस. पण खिडकी उघडी ठेव. एवढंच. मग हेच पुन्हा, आणि शेवटी नुसतंच वाजवणं.

मी आईला सांगितलं की हा निरोप वगैरे काही नाही, त्याने फक्त ऐकायला पाठवलीय, कशी वाटली ते विचारलंय. आईने ते बाबांना सांगितलं. बाबा चष्मा पुसत म्हणाले, "अगं, लग्नाचं बोलणं चालू असताना कुणी उगाच वस्तू पाठवत नाही. तोंडाने सांगणं अवघड गेलं म्हणून सूचित केलंय. ह्याला व्यंग्यार्थ म्हणतात." आई म्हणाली, "मग त्यालाच विचारा की." त्यावर बाबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती उठून कोथिंबीर निवडायला लागली.

आता गाणं वाजवायचं कशावर? आमच्या नात्यात रेकॉर्ड प्लेअर फक्त मामांकडे होता. मामा कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि त्या प्लेअरला पोटच्या पोरासारखं जपत. ते एस.टी.त तो मांडीवर घेऊन आले. आठवडाभर आमच्याकडे ठेवायला तयारही झाले, पण जाताना त्याची सुई काढून काडेपेटीत घालून खिशात टाकून न्यायचे. "पोरंटोरं हात लावतात," म्हणायचे. घरात पोरंटोरं कुणी नव्हतं. मीच काय ती होते, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. म्हणजे रविवारी मामा आले, सुई बसवली, तरच गाणं. एरवी आमच्या टेबलावर ते यंत्र क्रोशाच्या रुमालाखाली गप्प बसलेलं.

आणि रविवारी गाणं लागलं की चहा लागायचा. बाहेर पुरुष बसले की आतल्या बायकांनी ट्रे घेऊनच बाहेर यायचं आणि ट्रे ठेवून परत जायचं, ही आमच्याकडची रीत. आमचा पंपाचा स्टोव्ह एकदा पेटला की घरात विमान उतरल्याचा आवाज व्हायचा. मी पंप मारतेय, भिंतीपलीकडे माझं गाणं चाललंय, आणि मला ऐकू येतोय तो फक्त स्टोव्ह. चहा होऊन ट्रे घेऊन जावं तर गाणं संपलेलं आणि निरूपण चालू. शब्द फळ्यावर होते, ते मला येता-जाता पाठ झाले. गाणं तेवढं मी ऐकलं नव्हतं.

पहिल्या रविवारी निरूपणाला तात्या बसले. ते मध्यस्थ असल्यामुळे अर्थ होकाराचा निघणं त्यांच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी फळ्याला नमस्कार केला, आवंढा गिळला आणि सुरुवात केली. "मास्तर, सरळ हाय बगा. गाडी म्हंजे ह्यो देह. लाल का? तर रगताचा. तेल संपलं म्हंजे काय, तर 'मी'पना संपला. पूल म्हंजे संसार. ह्या काठानं त्या काठाला जायाचं, म्हंजे ब्रह्मचर्यातनं गृहस्थाश्रमात. आता कुत्र्यानं बूट खाल्ला. आवो, बूट कवा काढत्यात? घरात शिरताना. ज्यानं बूट काढला त्यो घरात आला. जावई झाला म्हना की."

"आणि दिवा मालवून टाक?" बाबांनी विचारलं.

तात्या थोडे अडखळले. मग म्हणाले, "त्ये लग्नानंतरचं हाय." आईने आतून पातेलं जरा जोरात आपटलं आणि बैठक त्या मुद्द्यावरून पुढे सरकली.

मामांना हे पटलं नाही. पटणारही नव्हतं, कारण त्यांच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली एक तरुण केमिस्ट होता आणि त्याचं माझ्याशी जमवावं असं त्यांच्या मनात केव्हापासून होतं. ते म्हणाले, "तात्या, तुमचं अध्यात्म राहू द्या. मी सायन्सचा माणूस. तेल संपलंय म्हणजे तेल संपलंय. ऐपत नाही, असं स्पष्ट लिहिलंय. आणि कुत्रा. दाजी, जरा आठवा. आपल्या दारात त्यांच्या काकांची चप्पल कुणी खाल्ली?"

मी ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होते. बाबांचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो. गेले कित्येक दिवस ते त्या चपलेचा विषय टाळत होते, आणि तो आता फळ्यावर खडूने लिहून समोर उभा होता.

"पण बाबा," मी म्हणाले, "गाणं तिकडे इंग्लंडमध्ये झालंय. आपल्या आळीतला कुत्रा त्यांना कसा माहीत?"

"गाणं त्यांनी रचलं नाही, हे मलाही कळतं," बाबा म्हणाले. "पण निवडलं तर त्यांनीच ना? हजार गाण्यांतून कुत्र्याचंच का?" आणि कपाकडे बघून म्हणाले, "साखर कमी आहे." ते मला आत जायला सांगणं होतं. मी आत गेले. रागाने स्टोव्हला इतका पंप मारला की ज्योत छपराला लागते की काय असं वाटलं.

दोन नातेवाइकांचे दोन अर्थ झाले, तेव्हा तज्ज्ञ बोलवायचं ठरलं. घरात इंग्रजी शिकलेलं कुणी आहे का, हा प्रश्न कुणाला पडला नाही. आमच्या कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक आले. ह्यांनीच मला शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे नोट्स सांगितल्या होत्या आणि आम्ही उतरवून घेतल्या होत्या. कुठल्याही कवितेवर त्यांच्या नोट्सचं पहिलं वाक्य "ह्यात दोन मतं आहेत" असं असायचं आणि शेवटचं वाक्य "तेव्हा दोन्ही मतं ग्राह्य आहेत" असं. मधलं पाठ केलं की दुसरा वर्ग नक्की.

सरांनी गाणं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. आईने थालीपिठं लावली होती, ती खाताना डोळे उघडले. मग म्हणाले, "ह्यात दोन मतं आहेत." मला आतून हसू आलं आणि लगेच रडूही आलं, कारण ही मतं आता माझ्यावर होती. सर सांगत होते की आजचा मानव हरवलेला आहे, त्याची गाडी पुलावर थांबलेली आहे, तो ना अलीकडे आहे ना पलीकडे. 'ये, नाहीतर येऊ नकोस' ह्यात साऱ्या पश्चिमेची शोकांतिका आहे.

"पण सर," बाबा म्हणाले, "मुलीला हो म्हणतायत की नाही?"

"मास्तर, कविता असं हो-नाही सांगत नसते."

"अहो, पण मला नारळ फोडायचाय की नाही ते ठरवायचंय."

"त्यासाठी पुन्हा एकदा बसावं लागेल," सर म्हणाले आणि आणखी एक थालीपीठ घेतलं. पुढच्या रविवारी ते सहकुटुंब आले.

ह्या सगळ्यात गावात बातमी फुटली होतीच. शिकवणीची पोरं फळा वाचून घरी सांगत. बाबा वाटेत भेटले की लोक विचारायचे, "काय मास्तर, निघाला का अर्थ?" भाजीवालीने मला विचारलं, "तुझा नवरा कुत्र्याला लई भितो म्हने?" बाबा वरून हसत, पण रात्री जेवताना घास त्यांच्या हातात तसाच राहायचा. त्यांना भीती एकाच गोष्टीची होती. नकार येईल आणि तो कुत्र्यापायी आला असं गाव म्हणेल. माझ्या आयुष्याचं काय होईल ह्यापेक्षा त्या चपलेचं काय होईल ही काळजी मोठी झाली होती. त्यांच्यावर माझी माया होती, आजही आहे, पण त्या दिवसांत मला त्यांचा इतका संताप यायचा की मी त्यांच्या कपात खरंच साखर कमी घालत असे.

शेवटी मामांनीच तोडगा काढला. "नकार यायची वाट कशाला बघायची? आपणच कळवू. पत्रिका जमत नाही म्हणून."

पत्रिका जमत नाही, हे आमच्याकडचं सगळ्यात सभ्य वाक्य. मुलाचा पगार कमी असो, नाक मोठं असो की कुत्र्याने चप्पल खाल्लेली असो, सांगायचं एकच, पत्रिका जमत नाही. ग्रहांवर ढकललं की कुणाला राग येत नाही. तात्या चिडले. "आवो, पत्रिका जमली म्हून तर त्येंना हितवर आनलं. आता कोनत्या तोंडानं सांगू, जमंना?" बाबांनी प्राध्यापकांकडे पाहिलं. सर म्हणाले, "गुरुजींची दोन मतं असू शकतात." झालं. तात्यांनीही हात टेकले. इतके रविवार खपून चौघांत पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते मला नाकारण्यावर झालं. त्या मुलाला नाकारलं असं ते म्हणत होते, पण माझ्या लेखी दोन्ही एकच होतं.

मी आईला म्हणाले, "मला तो पसंत आहे." आई म्हणाली, "मला काय कळत नाही का?" आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग ती बाहेर जाऊन बाबांशी काही बोलली. बाबांचं उत्तर मला ऐकू आलं, "आता मागे फिरलो तर शोभा होईल."

तात्या पिंपरीला जाऊन नकार सांगून आले. परत आले त्या रविवारी मामाही आपला प्लेअर न्यायला आलेले होते. तात्या म्हणाले की त्या लोकांनी वाईट मानलं नाही, फक्त मुलाच्या आईने रेकॉर्ड परत मागितलीय. जमलं नाही तर एकमेकांची वस्तू एकमेकांकडे राहू नये, तेही रीतीला धरूनच होतं. बाबांनी ती लगेच तात्यांच्या पिशवीत घालून दिली.

"पोरगा काय म्हनला नाय," तात्या पाण्याचा तांब्या तोंडाला लावता लावता म्हणाले. "येवढंच इचारलं, त्येंनी ऐकली का? कशी वाटली?"

मी दाराआड होते. माझा हात कडीवरच राहिला.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" बाबांनी विचारलं.

"सांगितलं, आवो समद्यांनी ऐकली. मास्तरांनी ऐकली, मामांनी ऐकली. परफेसर तर थालीपीठ खाऊन खाऊन ऐकत हुते."

सगळे हसले. मामांनी सुई बसवून आपली एक भजनाची तबकडी थोडी वाजवून पाहिली, यंत्र धड आहे ना याची खात्री केली, आणि आता सुई काढणार एवढ्यात बाबा म्हणाले, "अगं, चहा टाक."

स्टोव्ह पेटलेलाच होता. मी त्याची चावी सैल केली. तो फुस्स करून विझला आणि घर एवढं शांत झालं की मलाच दचकायला झालं. मी ट्रे न घेता बाहेर आले. तात्यांच्या पिशवीतून रेकॉर्ड काढली, बाबांनी घातलेलं खाकी कव्हर काढून टाकलं, मामांच्या हाताखालून भजनाची तबकडी उचलली, ही प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली. मामा "अगं, अगं" म्हणाले. मी खुर्चीत बसले. बाबांची खुर्ची होती ती.

गाणं सुरू झालं. आवाज घोगरा होता, रात्रभर जागलेल्या माणसासारखा. बाबा सवयीने खडू उचलून म्हणाले, "हे बघ, इथे कवी असं म्हणतो—"

"बाबा, थांबा," मी म्हणाले.

ते थांबले. माझ्या आठवणीत ते माझं ऐकून थांबले अशी ती एकच वेळ. तिघंजण आपापल्या जागी उभे, आई स्वयंपाकघराच्या दारात, आणि मी माझं गाणं ऐकत होते. खरं सांगायचं तर गाडीचा अर्थ मलाही लागला नाही. कुत्र्याचा तर मुळीच नाही. पण शेवटी ते नुसतं वाजवणं सुरू झालं, ज्याला फळ्यावर जागाच नव्हती, ज्याच्यावर एकानेही कधी एक शब्द काढला नव्हता, आणि ते वर वर चढत गेलं तशी मी खुर्चीत पुढे सरकून बसले. तो मुलगा कुठल्यातरी खोलीत एकटा बसून हे ऐकत असेल आणि त्याला वाटलं असेल, हे हिला ऐकवावं. याहून जास्त त्यात काही नव्हतं. एवढं मात्र होतं.

सुई खरखरायला लागली. मामांनी झडप घालून ती उचलली.

"तात्या," मी म्हणाले, "त्यांना सांगा, मी ऐकली. मला आवडली."

"आता कशापायी, पोरी? पत्रिका जमंना म्हून सांगून आलोय ना."

"तरी सांगा."

तात्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा फळा पुसत होते. तात्या म्हणाले, "बरं, सांगतो."

दिवाळीत तात्या आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, निरोप दिलात का? "दिला की," तात्या अभिमानाने म्हणाले. "पोराला न्हाई भेटलो, त्येच्या आईला दिला. म्हनलं, पोरगी लई वळनाची हाय. रेकॉट येवढी जपून वापरली, येक चरा पडला न्हाई." दोन शब्दांचा निरोप होता, पण निरूपणकाराच्या हाती दिला होता. चूक कुणाची म्हणायची?

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, मामांच्या हाताखालच्या केमिस्टशी. त्यांच्याकडून आलेला निरोप असा होता: मुलगी पसंत आहे, तारीख काढा. त्याचा अर्थ लावायला कुणाला बसावं लागलं नाही. बाबा इतके मोकळे झाले की त्यांनी आळीतल्या त्या कुत्र्यालासुद्धा जिलबी घातली.

माणूस चांगला आहे. साखरेसारखाच स्वच्छ, मोजूनमापून वागणारा, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. मामा गेल्यावर तो रेकॉर्ड प्लेअर त्याने मागून घेतला. पुढे टेपरेकॉर्डर आला, मग आणखी काय काय आलं, आता मोबाईल आहे. गाण्याचा त्याला शौक आहे. सकाळी उठल्यापासून त्याला जे आवडतं ते मोठ्याने लावतो. माझ्यासाठी म्हणून कधी काही लावलंय असं मला आठवत नाही, आणि मला काय ऐकायला आवडतं हे त्याने अजून विचारलेलं नाही. तो पंपाचा स्टोव्ह मात्र कधीच गेला. गॅसला आवाज नसतो, त्यामुळे स्वयंपाकघरात मला आता त्याचं सगळं ऐकू येतं.